आणखी काही?

चौकात गाडी वळताना शरदचंद्र मकासरे यांनी उजवा पाय जोरात दाबला. ते शेजारच्या सीटवर होते. पायाखाली ब्रेक नव्हता, नुसतं पायपुसणं होतं.

"पप्पा, गाडी मी चालवतेय," जयंती म्हणाली.

"म्हणूनच दाबतोय."

कॅनडातल्या वॉटर्लूत फेब्रुवारी होता. रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळपट ढीग साचले होते. दर गुरुवारी जयंती रिचमंड हिलहून यायची, वडिलांना ग्रोसरीला न्यायची आणि घरी सोडून परत जायची. एरवी ते बसनं फिरत. वय ब्याऐंशी. लायसन्स गेलं त्याला दोन वर्षं झाली होती.

नगरहून आलेल्या या माणसानं इथल्या सेमिनरीत तीस वर्षं धर्मशास्त्र शिकवलं होतं. विद्यार्थी म्हणत, मकासरे सर एकच गोष्ट शिकवतात: माणसाची इच्छा मोकळी आहे. देवानं सगळं आधीच नेमून ठेवलंय, असं म्हणणाऱ्यांशी ते परिषदांत भांडले, चर्चच्या कमिटीत भांडले, एकदा तर लग्नाच्या जेवणात भांडले आणि वधूपित्यानं त्यांना आईस्क्रीम देऊन गप्प केलं. निवृत्तीनंतर त्याच विषयावर ते मराठीत पुस्तक लिहीत होते. अकरावं प्रकरण चालू होतं.

"कुठं अडलंय?" जयंतीनं विचारलं.

"अडलं नाही, सोपं झालंय. देवाला माझं पाप ठाऊक असतं. मग तो माझ्या कबुलीसाठी का थांबतो?"

"का?"

"वदवून घेतलेली कबुली ही कबुलीच नव्हे. ठाऊक असणं वेगळं, भाग पाडणं वेगळं. थांबायला ताकद लागते, जया."

सिग्नलचा दिवा लाल झाला. जयंतीनं गाडी हळूच थांबवली. याच सिग्नलवर दोन वर्षांपूर्वी पप्पा लाल दिव्यातून सरळ निघून गेले होते. मागच्या सीटवर जयंतीची सात वर्षांची गौरांगी होती. "आजोबा डिडन्ट स्टॉप," घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली. दुसऱ्याच दिवशी जयंतीनं त्यांच्या डॉक्टरांना पत्र लिहिलं. शेवटी एक ओळ घातली: हे मी कळवलं असं कृपया त्यांना सांगू नका.

डॉक्टरांनी वाहतूक खात्याला कळवलं. लायसन्स गेलं. पप्पा संतापले. "माझ्याशी कोणी बोललं का? एका शब्दानं तरी?" जयंती म्हणाली, "डॉक्टरांनी असं करायला नको होतं." मग त्यांच्याच टेबलापाशी बसून तिनं अपिलाचा फॉर्म भरायला घेतला. डॉक्टरांकडून फाईल मागवण्याचा अर्जही तिनंच केला. तीनेक आठवड्यांनी पप्पा अचानक म्हणाले, "राहू दे, जया. अपील नको." थकले असतील, असं तिला वाटलं. हायसंही वाटलं.

पत्र लिहिण्यात चूक नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लाज होती ती टेबलापाशी बसून फॉर्म भरल्याची.

घरी पोचल्यावर तिनं दूध फ्रीजमध्ये ठेवलं, पाव डब्यात ठेवला. पप्पा दारापर्यंत आले.

"आणखी काही?"

पूर्वी वर्गातला तास संपवताना ते असं विचारत. गेली दोनेक वर्षं तिलाही विचारायचे, फोन ठेवताना, निरोप घेताना.

"नाही पप्पा. निघते."

"बरं. सलाम," नगरच्या ख्रिस्ती रीतीनं ते म्हणाले.

शुक्रवारी सकाळी ते लायब्ररीत जायला निघाले. बसस्टॉपवर बर्फावरून पाय घसरला. डोकं फुटपाथच्या काठावर आपटलं. ते शुद्धीवर आले नाहीत.

दफनानंतर चर्चच्या बेसमेंटमध्ये कॉफी होती. एटोबिकोहून आलेल्या ताराबाईंनी जयंतीचे हात धरले. "देवानं दिवस नेमलेला असतो गं. आपल्या हातात काय आहे?"

ते वाक्य उबदार होतं. दिवस नेमलेलाच असेल, तर पत्र कोणी लिहिलं आणि म्हातारा माणूस बसस्टॉपवर का उभा होता, याला काही अर्थच उरत नव्हता. ज्या वाक्याशी बाप जन्मभर भांडला, त्याच्या आड लेक गुपचूप उभी राहिली.

"हो ना," ती म्हणाली.

पाळकांना रविवारच्या उपासनेत वाचायला पप्पांच्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणातलं एखादं पान हवं होतं. ते आणायला जयंती पप्पांच्या घरी गेली. टेबलावर फाईल होती. वर लिहिलं होतं, 'प्रकरण ११'. तिनं ती उघडली.

पहिलाच कागद तिचं पत्र होता. तिच्याच अर्जावरून आलेल्या डॉक्टरांच्या फाईलमधली प्रत. कोपऱ्यात पेन्सिलनं तारीख घातली होती, दोन वर्षांपूर्वीची, 'राहू दे' म्हणाले त्याच आठवड्यातली. शेवटच्या ओळीखाली रेघ होती. विद्यार्थ्यांचे पेपर तपासायचे त्या बारीक अक्षरात समासात लिहिलं होतं:

'विचारायचं नाही. ती सांगेल.'

जयंती बसली. फॉर्म भरताना बसली होती त्याच खुर्चीवर. समोर पप्पांची खुर्ची होती. पाठीवर स्वेटर तसाच होता.

"हो पप्पा, आहे आणखी काही," ती मोठ्यानं म्हणाली. "ते पत्र मी लिहिलं. कोणी नेमलं नव्हतं. मी लिहिलं."