मोरपंखी कपाट

कितीही घासलं तरी कपाटाचा जुना तपकिरी रंग निघेना. रामकिशनने पॉलिश पेपर दुमडून नवी बाजू काढली आणि पुन्हा घासायला बसला.

कपाट लहानसं होतं. दारावर आरसा, आत दागिने अडकवायला पितळी खुंट्या, खाली दोन कप्पे. परभणीत जुन्या फर्निचरच्या दुकानात कोपऱ्यात पडलेलं. मेहुण्याच्या, भागवतच्या मोटारसायकलवर मागे बसून, मांडीवर धरून त्याने ते ताडकळसला आणलं होतं. एका कप्प्याची मूठ वाटेतच कुठेतरी पडली.

शेजारच्या सुमनबाई धुणं वाळत घालता घालता कुंपणाजवळ आल्या.

"भावजी, दागिन्याचं कपाट रंगवायलाव. नवी आणायलाव का काय?"

"जुनीसाठीच हाय, वैनी."

सुमनबाईंचं हसू गेलं. त्या राहिलेले कपडे वाळत घालायला वळल्या.

रामकिशनची बायको दैवशाला गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. शेतातल्या विहिरीवर पाण्याला गेली आणि पायऱ्यांच्या शेवाळावरून पाय घसरला. बांधावर गवत कापणाऱ्या अपेक्षाने, त्यांच्या एकुलत्या एका लेकीने, आरडाओरडा केला. माणसं धावली, पण उशीर झाला होता.

वर्षश्राद्धाच्या आत कपाट तयार व्हायला हवं होतं. रामकिशनने तसा शब्द दिला होता.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नव्हता. कावळे बाभळीवर बसून होते, पण खाली उतरेनात. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली की असं होतं, हे सगळ्यांना ठाऊक. एकेक जण पुढे होऊन हात जोडू लागला. भागवत म्हणाला, अपेक्षाचं लग्न मी मामा म्हणून थाटात लावून देईन. थोरली जाऊ म्हणाली, तुझ्या महालक्ष्म्या मी बसवीन. कावळे हलले नाहीत. ऊन चढलं. कोणीतरी दर्भाचा कावळा करू म्हणालं.

तेव्हा रामकिशनला आठवलं. सुमनबाईंच्या लेकीच्या रुखवतात असं एक कपाट होतं. ते बघून आल्यावर दैवशाला म्हणाली होती, आपल्याकडं बी आसं पाहिजे. तो हसला होता. ठेवायला हाय काय तुझ्याकडं, म्हणाला होता.

आणि त्या सकाळी विहिरीवर जाताना तिने मंगळसूत्र, कानातली फुलं, जोडवीसुद्धा काढून अपेक्षाच्या ओढणीत बांधून ठेवली होती. काही पाण्यात पडू नये म्हणून. वस्तू जपणारी बाई. जपून ठेवायला जागा मात्र त्याने तिला कधी दिली नव्हती.

तो पुढे झाला. "दागिन्याचं कपाट आणतो तुला. आता तरी मोकळी हो."

त्याच्या शेजारी अपेक्षा उभी होती. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असावी.

एक कावळा उतरला आणि त्याने भाताला चोच लावली. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. भागवत डोळे पुसत म्हणाला, दाजी, एवढ्याशासाठी अडली होती बघा माझी अक्का.

आता ते कपाट अंगणात उभं होतं. रामकिशनने खाचा बुजवायला लांबीचा लगदा भरला, वाळल्यावर पुन्हा घासलं, प्रायमर लावला. मग चुलीपाशी जाऊन त्याने अपेक्षाला विचारलं, आईला कोणता रंग आवडायचा. एवढी वर्षं संसार केला आणि हे त्याला सांगता येत नव्हतं.

"मोरपंखी," ती म्हणाली. मग म्हणाली, "आबा, उन्हात नका बसू. एवढं कशाला करायलाव?"

"तिनं तोंडानं मागितलेलं एवढंच हाय, पोरी. दुसरं काय दुःख व्हतं तिला?"

अपेक्षाने तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती.

शेवटी शेवटी दैवशाला फार कमी बोलायची. ताटावरून अर्धवट उठायची. कामाने थकत असेल, असं रामकिशनला वाटायचं.

त्याने मोरपंखी रंगाचे दोन हात दिले. ब्रशचा एक केस दारावर चिकटून राहिला. तो नखाने काढताना बारीक रेघ उमटली, ती तशीच राहू दिली. नव्या मुठीचा मेळ जुन्या मुठीशी बसेना. तरी कपाट चांगलं दिसत होतं. सुमनबाईंनीही येऊन बघितलं आणि आरशाला हळदीकुंकू लावून गेल्या.

वर्षश्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी त्याने कपाट देवघराशेजारी ठेवलं आणि अपेक्षाला हाक मारली.

"तुझ्या हातानं ठेव."

तिने ओढणीची गाठ सोडली. वर्षभर ती कोणी सोडली नव्हती. मंगळसूत्र खुंटीवर अडकवलं, कानातली फुलं त्याच्या बाजूला. जोडवी खालच्या कप्प्यात ठेवली.

रामकिशन भिंतीला टेकून बसला. वर्षभरात तो असा पाय पसरून बसला नव्हता.

"आता तिचं काय राहिलं न्हाई ना गं?"

"न्हाई, आबा. काय राहिलं न्हाई."

तिने कपाटाचं दार लावलं. आरशात तिच्यामागे तो डोळे पुसत होता.

दहाव्याला, कावळा उतरायच्या आधी, तिने देवाचं नाव घेतलं नव्हतं. ती म्हणाली होती, "आई, तुझा पाय घसरला न्हाई, तू उडी टाकली, हे मी आबाला मरूस्तर सांगणार न्हाई."