रविवारचा भेटीचा तास

थोरल्याने चमचा सुपात बुडवला, नाकाजवळ नेला आणि परत वाटीत टाकला.

"हे कोणी केलंय?" तो म्हणाला. "ज्याने केलं त्याला आधी पाजा. जगला वाचला तर माझ्या आईला द्या."

"जरा हळू बोला," नवी सिस्टर म्हणाली. ती सकाळीच रुजू झाली होती आणि पांढरे बूट अजून चावत होते.

"हळू कशाला? इथे काय परीक्षा चाललीय?"

आजी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. दोन दिवस त्यांनी अन्नाला तोंड लावलं नव्हतं. नजर अधू, आठवण त्याहून अधू. सकाळी त्यांनी सिस्टरला आधी मावशी म्हटलं आणि मग पोस्टमन. आज पोटात काही गेलं नाही तर उद्या नाकातून नळी घालायची, असं डॉक्टर सांगून गेले होते. आजी नळी उपटणार हे उघड होतं, म्हणजे हातही बांधावे लागणार. आणि अशा बाईच्या उशाशी उभं राहून हा मुलगा आरडाओरडा करत होता.

धाकटा खिडकीपाशी होता. सोबत बायको.

"सुपाचं सोड," तो थोरल्याला म्हणाला. "आईला इथे आणून टाकलं कोणी?"

"मी. कारण तुझ्या घरी तिला बाल्कनीत झोपवत होते."

"बाल्कनी बंदिस्त आहे," सून म्हणाली. "काचा लावल्यात."

"आई आहे ती. कुंडी नाही."

"मग तुम्ही न्यायची होती. तुमच्याकडे तर चार खोल्या. एकीत तर नुसती सायकल असते."

सिस्टरची कानशिलं तापली. ती दारात आली. तिथे मेट्रन हाताची घडी घालून उभ्या होत्या, एखादी मॅच पाहत असल्यासारख्या.

"मॅडम, यांना बाहेर काढा. आजी घाबरतील."

"भेटीचा तास आहे."

"याला भेट म्हणतात?"

"नातेवाईक सांभाळणं ही आपली अर्धी नोकरी," मेट्रन म्हणाल्या. "उरलेली अर्धी सोपी असते. इथे उभी राहा, बघ, आणि मध्ये पडू नकोस."

थोरल्याने आता मोर्चा इकडे वळवला.

"आणि या आमच्या मेट्रनबाई. यांच्यापेक्षा जेलर मायाळू असतो. तुमच्या हाताखाली लोक टिकतात कसे, मला कळत नाही. सकाळपासून नुसती कटकट करत असणार."

हे बोलताना त्याचा चेहरा उजळला होता. मेट्रनचा एक डोळा किंचित बारीक झाला.

"झालं?"

"नाही. अजून आहे."

आणि अजून बरंच होतं. मेट्रनचं चालणं, बोलणं, चष्मा, काहीच त्याने सोडलं नाही. असला उद्धटपणा सिस्टरने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तिच्या मुठी वळल्या.

तेवढ्यात पलंग करकरला.

"कोण बोंबलतंय?" आजींनी विचारलं.

"मी, आई."

"थोरला का? तरीच. पाळण्यात होतास तेव्हापासून घसा तसाच." त्या कोपरावर रेटा देऊन उठू लागल्या. सिस्टर पुढे धावली, पण मेट्रननी तिचा दंड धरला. आजी स्वतःच उठून बसल्या. गालांवर रंग चढला होता.

"आणि तू रे शहाण्या, दात काय काढतोस?" त्यांनी धाकट्याला फैलावर घेतलं. "बायको बोलते आणि तू मान हलवतोस. नंदीबैल परवडला. आणि ही. हिला तर मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं."

सून पलंगाच्या कडेला टेकली होती. सासूने बोलायला तोंड उघडलं की ती त्यात चमचा सारत होती. ज्या सुपाला मघाशी नावं ठेवली, तेच. म्हातारीचं तोंड बंद करायची ही तऱ्हा पाहून सिस्टरला शिसारी आली. आजी मात्र घाईघाईने गिळत आणि पुढच्या शिवीला लागत. थोरला मध्येच "पण आई" म्हणे, की त्यांना नवा जोर येई.

वाटी रिकामी झाली तसा आजींचा दम संपला.

"आता चालते व्हा," त्या म्हणाल्या. "पुन्हा तोंड दाखवलंत तर बघा."

मेट्रननी घड्याळाकडे पाहिलं. "वेळ संपली."

तिघंही निघाले. एकानेही वाकून नमस्कार केला नाही. सुनेने तर जाताना वाटीसुद्धा उचलून नेली. आजींनी उशी थोपटली, पोटावर हात ठेवला आणि डोळे मिटले.

सिस्टरला आता राहवेना. आईला बाल्कनीत झोपवणारी माणसं, वरून वाटी चोरून नेणार, आणि मेट्रन म्हणणार मध्ये पडू नकोस. पहिल्याच दिवशी नोकरी गेली तर गेली. ती तरातरा पॅसेजमधून निघाली. काय काय सुनावायचं ते मनात जुळवत होती. तिघं फाटकाकडे न जाता मागच्या अंगाला वळलेले तिने पाहिले. म्हणजे अजून काहीतरी उचलायचा बेत होता.

"लाज नाही वाटत?" तिने मागचं दार ढकललं तेच ओरडत. "जन्म दिला तिने तुम्हाला. कुत्रंसुद्धा असं वागत नाही."

स्वयंपाकघरात वाफ कोंडली होती. थोरला डोक्याला फडकं बांधून भल्यामोठ्या पातेल्यात डाव फिरवत होता. धाकट्याने इस्त्रीचा शर्ट खुंटीला अडकवून अँब्युलन्स ड्रायव्हरचा खाकी चढवला होता आणि तो बटणं लावत होता. सून नळाखाली तीच वाटी घासत होती. थोरल्याने डाव खाली ठेवला आणि सिस्टरकडे मोठ्या कौतुकाने पाहिलं.

"आवाज झकास आहे तुमचा," तो म्हणाला. "आजींना एक मुलगीपण आहे, तीही कधी येत नाही. पुढच्या रविवारी भांडायला याल का?"