भाड्याचे खांदे

गोविंदा भिरूड यांची अंत्ययात्रा भुसावळात भरदुपारी निघाली, कारण पुण्यातल्या थोरल्या मुलाला बापाला खांदा द्यायला जेवणाच्या सुट्टीतच वेळ होता. तो स्वतः आला नव्हताच. त्याने आणि दोन चुलतभावांनी तिकडे बसूनच भाड्याची माणसासारखी यंत्रं चालवायला घेतली होती. चौथा खांदा धाकट्या हेमराजचा, हाडामांसाचा.

"काय राहिलंय या गावात?" यंत्रातून थोरला म्हणाला. "निम्मी घरं बंद आणि नुसती भट्टी. उद्या गाव सोडणाऱ्यांसाठी सरकारची शेवटची गाडी सुटतेय. गुमान बस आणि निघून ये."

हेमराजने त्या चकचकीत तोंडाकडे पाहिलं. "घाम आला का, भाऊ?"

"इथं एसी आहे."

"तरीच."

बाजारपेठेत तिन्ही यंत्रं एकदम थबकली. ऊन फार झाल्याने आपण बंद होत आहोत, असं त्यांनी गोड आवाजात कळवलं आणि तिरडी खांद्यावर घेऊन ती तशीच गोठली. थोरल्याचा आवाज तेवढा चालू राहिला.

"बघितलंस? यंत्रसुद्धा टिकत नाही इथं."

रस्त्यालगतची दारं उघडली. डोक्याला ओले पंचे गुंडाळलेले शेजारी बाहेर आले आणि त्यांनी तिरडी आपल्या खांद्यांवर घेतली.

"मग उद्या येतोयस ना?" थोरल्याने विचारलं.

हेमराजने त्याचं यंत्र ढकलत निंबाच्या सावलीत नेऊन उभं केलं.

"निवलास की घरी ये," तो म्हणाला. "मी तिथंच असतो."