ब्रेक नीट व्हता

बसा घटकाभर, कवठ्याच्या आबांचं सांगतो. त्यांची नात सुलक्षणा म्हणली, "आबा, सायकलचा डिस्क ब्रेक लई किंचाळतोय, पोरी हसत्यात मला." आबांची उमर गेली मेंढरं कातरण्यात. कातर करकरली की तेल, एवढंच ठावं. त्यांनी ब्रेकच्या चकतीला तेल चोळलं. "बघ, तुझ्यापरीस लवकर गप झाला!" पोर हसत शाळंला निघाली. पुलाच्या उतारावर ब्रेक धरलाच न्हाई. ट्रकखाली गेली.

सायकलवाल्या विश्वजीतनं मोडकी सायकल उचलली, तवा त्याला तेल दिसलं. कुणी बघायच्या आत त्यानं पुसून टाकलं. दहाव्याला आबांनी त्यालाच गाठलं. "ब्रेक तर नीट व्हता ना रं?"

"एकदम नीट, आबा. ट्रकवालाच आंगावर आला."

आबा आजून भेटंल त्याला इचारत्यात. तुमाला इचारलं, तर तुमीबी एवढंच सांगा.