पायाशी कोण

"आणि याच पलंगावर बाईसाहेबांनी शेवटचा श्वास घेतला. चारही मुलं, सुना, नातवंडं, सगळा गोतावळा भोवती होता," माहिती सांगणारी मुलगी म्हणाली. वाडा बघायला आलेल्या, दोरीच्या अलीकडे उभ्या असलेल्या दहा-बारा जणांनी माना हलवल्या. एकानं झुंबराचा फोटो काढला. मग सगळे पुढच्या खोलीकडे वळले.

मागे उभी असलेली म्हातारी तेवढी जागची हलली नाही.

"आजी, चला ना. चांदीची भांडी पुढे आहेत."

"पलंग उलटा लावलाय," म्हातारी म्हणाली. "उशी नदीकडच्या खिडकीशी असायची. शेवटी शेवटी त्यांची नजर गेली होती. नदी निदान कानावर पडायला हवी, असा हट्ट."

मुलगी हसली. "तुम्हाला कसं माहीत?"

"नर्स होते मी त्यांची. अकरा वर्षं याच खोलीत झोपले. तिथे, कपाटाच्या अंगाला. माझी लोखंडी खाट होती. ती काही कुणी ठेवलेली दिसत नाही."

मुलीनं वळून पाहिलं. कपाटाशेजारी आग विझवायचं लाल नळकांडं टांगलेलं होतं.

"म्हणजे त्या दिवशीही तुम्ही इथे होतात?"

"होते."

"मग घरचे सगळे कुठे उभे होते? लोक विचारतात मला."

हे कुणी विचारलं तर काय सांगायचं, ते नर्सनं कितीदा मनात घोळवलं होतं. पण विचारायला घरी कुणी नव्हतं. आज दोन बस बदलून, ठेवणीतले कपडे घालून ती इथवर आली होती, ती कशासाठी हे तिलाही नीट सांगता आलं नसतं.

"कुणी नव्हतं गं," ती म्हणाली. "फोन सगळ्यांना केले. थोरला परदेशात. मधल्या दोघांचं आपसात पटत नव्हतं, एक येणार असेल तर दुसरा नको. धाकटी लेक निघते म्हणाली, ती निघतच राहिली."

मुलीनं दोरीपलीकडच्या पलंगाकडे पाहिलं.

"बाईसाहेबांचं आपलं एकच. आले का सगळे? दोनदा म्हटलं, येतायत. तिसऱ्यांदा तोंडातून निघून गेलं, आले. एकदा म्हटल्यावर निभवायला तर हवं. मग मीच दार उघडत होते, लावत होते. खुर्च्या सरकवल्या. थोरल्यासारखी खाकरलेसुद्धा." नर्सच्या ओठांवर किंचित हसू आलं नि गेलं. "पाय गार पडत चालले होते. ते मांडीवर घेऊन चोळत बसले. तर म्हणाल्या, पायाशी कोण, धाकटी का? मी म्हटलं, हो."

"मग?"

"मग काय. हसल्या. अकरा वर्षांत माझ्याकडे बघून कधी तशा हसल्या नव्हत्या."

खाली जिन्यावर पावलं वाजू लागली. पुढचा गट वर येत होता. मुलगी घाईनं, हलक्या आवाजात म्हणाली, "मला खरंच माहीत नव्हतं. घरच्यांनी जे लिहून दिलं, तेच मी पाठ म्हणते. पण मी वरिष्ठांशी बोलते. हे बदलायला पाहिजे. तुमचं नाव लागायला पाहिजे इथे."

"माझं नाव," नर्स म्हणाली. नुसतं पलंगाकडे बघत राहिली. पांढरी चादर एकही सुरकुती न ठेवता घट्ट खोचलेली होती. तिनं स्वतः खोचली असती तरी याहून नीट जमली नसती.

लोक आत आले, दोरीपाशी दाटीवाटीनं उभे राहिले. मुलगी ठरलेल्या जागी जाऊन उभी राहिली. तिनं झुंबराचं सांगितलं, आरशाचं सांगितलं, कपाटाचं सांगितलं. पलंगापाशी येऊन मात्र ती अडखळली.

"आणि याच पलंगावर बाईसाहेबांनी..." तिनं नर्सकडे पाहिलं.

"शेवटी जवळ कोण होतं त्यांच्या?" पुढे उभ्या असलेल्या एका बाईनं विचारलं.

खिडकीबाहेरून नदीचा आवाज येत होता.

"सगळे होते," मागून नर्स म्हणाली. "धाकटी तर पाय मांडीवर घेऊन बसली होती."