फाट्यावरची मोजणी

राजधानीत, सोफियात बसलेल्या, डोंगर न पाहिलेल्या साहेबांनी ठरवलं: महिन्याला दहा गाड्या धावत नसतील, तर रस्ता सरकारी यादीतून बाद. वर गावात एकटी रुसाना आजी उरली होती.

"रस्ता गेला तर डॉक्टर काय उडत येणार, मेल्या?" गाड्या मोजायला आलेल्या मला तिनं झापलं.

खरंच होतं. म्हणून फाट्यावर गाड्या मोजायच्या रबरी नळ्या अंथरल्या आणि माझीच गाडी दहा वेळा गावात नेली, दहा वेळा खाली आणली. लबाडांशी लबाडी.

मग नळ्या ओलांडून थांबलो, मोजणीचा डबा उघडला.

चढलेल्या गाड्या दहा. उतरलेली एकही नाही.

गाव तिथून सहा किलोमीटर वर. तरी माझ्या खांद्यामागून आजी म्हणाली, "बरं झालं राहिलास. चल, सूप निवतंय."