स्पंजातल्या अळ्या

पाच वर्षं किनारे पालथे घातल्यावर निंबाला ओख्याच्या समुद्रातल्या एका स्पंजाच्या पोटात तांदळाएवढ्या सात कोळंब्या सापडल्या. ही जात जगातल्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. त्या कोळंब्या स्पंजासकट खाऱ्या पाण्याच्या बरणीत घालून, बरणी मांडीवर सांभाळत, एसट्या बदलत तो धुळ्याजवळच्या आपल्या गावी पोचला, बरणी ओसरीवर ठेवली आणि जरा आडवा झाला.

उठून बघतो तर पाणी दुधासारखं पांढरं, आणि साती कोळंब्या तळाशी उताण्या.

“तुन्हा बोंडमा अळ्या व्हत्यात, भाऊ,” पाठीवर पंप घेऊन कपाशीकडे निघालेले आबा हसत म्हणाले. “मी झाकनभर औषध टाकं. बठ्ठ्या मारी टाक्यात.”

निंबाने त्यांच्या हातातली पंपाची पितळी नळी हिसकली. पहिला फटका बापाच्या तोंडावर बसला, दुसरा कानशिलावर. दोन दात उंबऱ्यावर पडले.

“मन्हं नाव व्हनार व्हतं जगमा! मन्हं!”

आबा पंपासकट कोसळले, तरी त्याचा हात थांबेना. आई मध्ये पडली, तेव्हा तिचं मनगट मोडल्याचा आवाज झाला आणि मग कुठे तो थांबला.

नवऱ्याचं रक्ताळलेलं डोकं मांडीवर घेत तिने विचारलं, “तू काय त्या अळ्यास्ले पाळनार व्हता का रे?”



संध्याकाळच्या आत निंबा स्वतःच त्यांना स्पिरिटमध्ये बुडवून मारणार होता. नव्या जातीचा नमुना नोंदीसाठी मेलेलाच पाठवावा लागतो.